भोकाचा पैसा

गेल्या महिन्यात बेळगावात आमच्या गल्लीतल्या वाचनालयात अण्णांचा स्मृतिदिन झाला. मला दोन मिनिटं मनोगत सांगायला बोलावलं होतं आणि मी बोललो नाही. म्हणजे बोलायला मिळालं नाही असं मी आईला सांगितलं, ते काही अगदी खोटं नाही, प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले, श्रावणातली भुरभुर चालू, बाहेर छत्र्यांचं पाणी पायरीवरून आत ओघळत होतं, आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणाले की वेळेअभावी उरलेली मनोगतं रद्द करतोय, सगळ्यांनी चहा-उप्पीट घेतल्याशिवाय जाऊ नये. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या पिशवीत एक पाकीट होतं. त्या पाकिटात अण्णांच्या हातचे सहा कागद आणि एक भोकाचा पैसा. ते पाकीट मी तीन दिवस आधीपासून काढून ठेवलेलं, कुठला कागद वाचायचा ते ठरवलेलं, आरशासमोर उभा राहून एकदा वाचूनही बघितलेला. आणि तरी सुटल्यासारखं वाटलं. घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ गाडीसाठी थांबलो, रेनकोटच्या कॉलरमधून पाणी आत जात होतं, तेव्हा ते सुटल्यासारखं वाटणं गेलं आणि त्या जागी जे आलं ते अजून गेलेलं नाही.

कार्यक्रमात चार जण बोलले. चौघांनीही अण्णांना निर्भीड म्हटलं. निर्भीड, झुंजार, सडेतोड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारची अब्रू वेशीला टांगणारा उपहासकार. फोटोला शेवंतीचा हार, समोर समई, वारा आला की ज्योत आडवी व्हायची आणि पुढच्या रांगेतली कुणीतरी बाई उठून पदराचा आडोसा करायची. सगळं मनापासून चाललेलं, मला कुणाच्या भावनेवर शंका नाही. पण दीड तासात अण्णांनी लिहिलेली एक ओळसुद्धा कुणी वाचली नाही.

आणि अण्णा निर्भीड नव्हते. मला तेच सांगायचं होतं. अण्णा एका बाईला घाबरायचे.

ती बाई म्हणजे माझी पणजी. घरात सगळे तिला मोठ्याई म्हणायचे. मी सात वर्षांचा होतो तेव्हा ती गेली, त्यामुळे मला आठवते ती फक्त तिच्या हाताची त्वचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि नऊवारीला येणारा कापराचा वास. अण्णा त्यामानाने जास्त आठवतात. उंच, किंचित वाकलेले, धोतरावर जुना कोट, उजव्या हाताच्या बोटांना कायम काळसर छटा, ती कितीही धुतली तरी जायची नाही म्हणे, छापखान्याची शाई. तपकीर ओढायचे. दिवाळीला आमच्याकडे आले की आधी आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहायचे, मोठ्याई "ये गा" म्हणायची, मगच बाहेरच्या खोलीत बसायचे. मोठ्याई गेल्यावरही ती सवय त्यांची सुटली नाही. रिकाम्या उंबऱ्याशी क्षणभर उभं राहून मग बसायचे, आणि आई कुंद्याची बशी घेऊन तशीच दारात थांबलेली असायची.

त्यांचं साप्ताहिक चार पानांचं. एका बोळात ट्रेडल मशीन, पायानं चालवायचं, खिळे जुळवायला एक म्हातारा जुळारी आणि मधेमधे स्वतः अण्णा. लढाई सुरू झाली तेव्हा ते पंचविशीत होते. त्या काळात गावोगावी अशी साप्ताहिकं निघत आणि बुडत. अण्णांच्याकडून दोनदा जामीन, म्हणजे सरकारकडं भरायची अनामत, मागितला गेला, एकदा अंक जप्त झाला, एवढं मी घरात ऐकलंय. पण जेलमध्ये गेले नाहीत. त्याचं कारण त्यांची लिहिण्याची रीत. आणि ती रीत त्यांनी कुठून उचलली हेही ते सांगायचे, दर दिवाळीला सांगायचे, आम्हा पोरांना पाठ झालेलं. 1929 साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे, 'काळ' साप्ताहिकाचे संपादक, 'काळ'कर्ते. अण्णा तेव्हा शाळकरी, पाणी द्यायला स्वयंसेवक म्हणून उभे. त्यांनी परांजप्यांना तांब्याभांडं नेऊन दिलं आणि परांजप्यांनी पाणी पिऊन भांडं परत देताना त्यांच्याकडे बघितलं, बस्स, एवढीच गोष्ट. पुढं काही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात परांजपे गेले. पण अण्णा ते भांडं परत घेतल्याचं असं सांगायचे की हातात अजून त्याचा गारवा असावा.

परांजप्यांची वक्रोक्ती काय चीज होती ते ज्यांनी वाचलंय त्यांना सांगायला नको. सरकारची स्तुती करायची, अगदी हात जोडून, इतकी की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्यात सरकारी वकिलाची अडचण अशी की शब्द तर सगळे चांगले आहेत, मग गुन्हा कुठं दाखवायचा, आणि गुन्हा दाखवायचा तर या चांगल्या शब्दांचा वाईट अर्थ आधी स्वतःच्या तोंडानं कोर्टात सांगायला लागतो. तरी 1908 साली त्यांना राजद्रोहाखाली 19 महिन्यांची शिक्षा झालीच, टिळकांच्या थोडी आधी. म्हणजे ही ढाल काही पोलादी नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती जी मला आता वय वाढेल तशी जास्त जाणवते. असं लिहिणारा माणूस वाचणाऱ्यावर भरवसा टाकतो. तुला कळेल, मी सांगत नाही, तुझं तू समजून घे. अण्णांना हा भरवसा फार मोलाचा वाटायचा आणि त्यांचं चुकलं तेही तिथंच.

बेळगावात लढाई म्हणजे पेपरातली बातमी नव्हती. कॅम्पात मराठा पलटणीचं केंद्र, सकाळी बिगुल ऐकू यायचा, चंदगड-खानापूरकडची पोरं चालत यायची भरतीला, पायात वहाण नाही, आणि सहा महिन्यांनी बूट वाजवत रजेवर घरी जायची. मग आफ्रिकेतलं केरेन, मग इटली. यशवंत घाडगे, नामदेव जाधव, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघंही याच रेजिमेंटचे, दोघांचाही पराक्रम इटलीत. घाडगे परत आलेच नाहीत. या नावांचा अभिमान आमच्या घरात आजही आहे. माझे आजोबा धाकटे, त्यांचा थोरला भाऊ पलटणीत होता, तोही इटलीतच. मोठ्याईचा पहिला मुलगा. फोटो एकच आहे, टोपी तिरकी, मिशी नुकती फुटलेली.

इकडे गावात तांदूळ मिळेना. रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, आणि आमच्याकडं तर भाताशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. रॉकेलला रांग. कागद तर इतका दुर्मिळ की अण्णांचे हे जे सहा कागद आहेत ते निपाणीच्या कुठल्याशा तंबाखू व्यापाऱ्याच्या बिलांच्या पाठीवर लिहिलेत, पुढच्या बाजूला मणांचे हिशेब आणि मागच्या बाजूला साम्राज्य. कागद नाकाजवळ नेला तर अजून तंबाखू येतो असं मला वाटतं, आई म्हणते तुझ्या मनाचा खेळ. त्यात 1 सप्टेंबर 1942 पासून सरकारनं सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढं केलं. तेव्हा गावात दोन वेळा चालायच्या, जुनी वेळ आणि नवी वेळ, कुणी सात म्हटलं की कुठले सात ते विचारायला लागायचं. त्यावर अण्णांनी जे लिहिलं तो माझ्याकडचा पहिला कागद. सरकारचे आभार मानलेत. सूर्यासारख्या हट्टी माणसाला ज्यांनी एका हुकमात तासभर आधी उठवलं त्यांना काय अशक्य, तर आता त्याच हुकमाला जोडून सुगीही दोन महिने अलीकडं ओढावी, म्हणजे कार्तिकातलं भात भाद्रपदात खाता येईल आणि प्रजा उपाशी असल्याची तक्रार आपोआप खोटी पडेल. सगळं अर्जाच्या भाषेत. शेवटी आपला आज्ञाधारक. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो आणि मग त्या आज्ञाधारक शब्दापाशी हसू थांबलं.

मग ते बाजारभावाचं प्रकरण झालं. तो कागद माझ्याकडं नाही, पण घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलंय की मी तो बघितलाय असंच वाटतं. साप्ताहिकात दर खेपेला बाजारभावाचं सदर असायचं, तांदूळ, गूळ, मिरची, तंबाखू. एका अंकात अण्णांनी त्याच यादीच्या शेवटी, त्याच खिळ्यांत, काही फरक न करता, तरुण पोरांचाही भाव टाकला. आवक भरपूर, मागणी त्याहून भरपूर, भाव स्थिर. गावभर झालं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं, लोकांनी अंक दडवून दडवून वाचला. केस कापायला बसलेल्या माणसानं तो न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचला आणि माझे आजोबा, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, बाकावर बसून ऐकत होते. ते घरी आले आणि मोठ्याईला सांगितलं.

मोठ्याई छत्री घेऊन बोळातल्या छापखान्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदा असल्या ठिकाणी. मशीन चालू होतं. तिनं काही म्हटलं नाही, दारातल्या कागदाच्या रिमवर बसली, आणि मशीन थांबल्यावर म्हणाली, "माझं पोर बाजारात मांडलास व्हय रे अण्णा? मिरचीच्या खाली?"

अण्णा म्हणाले, मावशी तसं न्हवं, हे सरकारला आहे. त्यांनी समजावून सांगायला घेतलं. आणि समजावताना, हे त्यांनी स्वतः माझ्या वडलांना सांगितलंय, त्यांच्या लक्षात आलं की आपण सरकारी वकिलाच्या जागी उभे आहोत, आपल्याच शब्दांचा दुसरा अर्थ आपल्याच तोंडानं सांगतोय. मोठ्याईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सरकार वाचतंय का तुझं? मी ऐकलो की." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी ऐकलो, मी गेलो. ती उठून गेली.

त्या गुरुवारी अण्णा आमच्या दारात आले. अंक शनिवारी निघायचा. हातात खर्डा. उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवतो. तिथून पुढं दर गुरुवार. मोठ्याई तांदूळ निवडत बसायची, ते उंबऱ्याबाहेर बसून वाचायचे, आणि ती म्हणायची, हे राहू दे, हे काढ. का काढ ते सांगायची नाही. अण्णा विचारायचे नाहीत. काढायचे. आईनं हे सगळं मोठ्याईच्याच तोंडून ऐकलंय, ती लग्न होऊन आली 1974 ला, पुढची नऊ वर्षं तिच्या तांदळाच्या सुपासमोर मोठ्याई बसलेली असायची.

आणि त्याच बैठकीत इटलीहून आलेली पत्रंही वाचली जायची, कारण मोठ्याईला अक्षर येत नव्हतं. खर्डा झाला की पत्र. पत्रात मधल्या दोन-तीन ओळी लष्कराच्या सेन्सॉरनं काळ्या केलेल्या असायच्या. अण्णा थांबायचे आणि सांगायचे, इथं साहेबानं शाई ओतलीय मावशी. ती विचारायची काय असंल रे तिथं. एकदा अण्णा म्हणाले, तुमची आठवण येते असं लिहिलं असेल. त्यावर ती म्हणाली, "ते साहेब कशाला खोडंल?"

मी या एका वाक्यावर किती वेळा अडकलोय सांगता येत नाही.

1944 च्या पावसाळ्यात तार आली. तार वाचायलाही अण्णांनाच बोलावलं. याविषयी घरात फारसं बोललं जात नाही, मोठ्याईनंही आईला एवढंच सांगितलं की त्या दिवशी सुपातले तांदूळ तसेच राहिले. पुढच्या गुरुवारी अण्णा आले की नाही याबद्दल दोन सांगण्या आहेत, आजोबा म्हणायचे आले आणि नुसतेच बसून गेले. पण माझ्याकडच्या सहा कागदांत शेवटचे दोन त्यानंतरचे आहेत, आणि आधीच्या चारांवर जिथं तिथं शाईचे जाड पट्टे आहेत, कुठं एक शब्द, कुठं आख्खी ओळ, तसं या दोनांवर काहीच नाही. एकही खोड नाही. ती काही म्हणतच नसावी. आणि ते दोन लेख मला विचाराल तर सगळ्यात कमजोर आहेत, धार आहे, पण कुणाला तरी समोर बसवून लिहिल्यासारखे नाहीत ते.

कार्यक्रमात यातलं काहीच आलं नाही हे साहजिक आहे. अर्धा वेळ सीमाप्रश्नावर गेला. आमच्याकडचा कुठलाही कार्यक्रम, बारसं असलं तरी, तिथं जातोच, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. 1946 चं संमेलनही बेळगावातच झालं, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथंच झाला, अण्णा त्या मांडवात होते आणि पुढची चाळीस वर्षं त्यांची लेखणी त्याच कामाला लागली. तेव्हाचे त्यांचे लेख सरळ आहेत, छातीवर हात ठेवून लिहिलेले, वक्रोक्ती नाही. लोकांना ते अण्णा माहीत आहेत. युद्धातले अण्णा म्हणजे सूत्रसंचालकाच्या कागदावरची एक ओळ. कारण ते लेख आता वाचून दाखवायचे तर आधी जुनी वेळ-नवी वेळ सांगायला लागते, रंगून सांगायला लागतं, पैशाला भोक का पाडलं ते सांगायला लागतं. विनोद समजावून सांगितला की मरतो म्हणतात. पण हे समजावून सांगताना माझ्या घरातलं निम्मं आयुष्य सांगावं लागतं, आणि ते मरत नाही, उलट मलाच सोसत नाही. म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं असावं.

मागं देशाच्या सीमेवर तणाव वाढला होता तेव्हा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला पन्नास जोक यायचे. काही खरंच चांगले होते. एक मी पुढं पाठवणार होतो, बोट त्यावर ठेवलेलं, आणि खिडकीतून समोरच्या घरातल्या काकू दिसल्या, मुलगा फौजेत, दारात उभं राहून फोनला रेंज येते का बघूलालत्या. मी तो जोक पुसला. यात काही मोठेपणा नाही, दुसऱ्या कुणीतरी तो पाच मिनिटांत टाकलाच. पण तेव्हा मला मोठ्याईची छत्री आठवली, आणि हेही वाटलं की अण्णांनी लिहिणं बंद नाही केलं. सोपं होतं ते. त्यांनी त्या बाईला दुखवलं आणि मग तिच्याच समोर जाऊन बसले, दर आठवड्याला, आणि सरकारवर तितकंच कडक लिहीत राहिले. ही भीती पाळणं जामिनाच्या नोटिशीला तोंड देण्याइतकंच अवघड असणार. मला तर जास्तच वाटतं.

मी जो कागद वाचायचं ठरवलं होतं तो पैशाचा. 1943 ला सरकारनं नवा पैसा काढला, मधोमध गोल भोक, तांबं वाचवायला. आधीच्या पैशाच्या निम्म्याहूनही हलका. पोरं दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. अण्णांनी त्या पैशाचं अभिनंदन केलंय. देशात सगळ्यांच्या आधी आपलं काळीज काढून युद्धफंडाला देणारा हा पहिला दानशूर, आणि बघा, तरी पूर्वीच्याच किमतीला चालतो, एका शब्दानं तक्रार करत नाही. मग रेशनच्या दुकानातल्या मापाकडं वळतात, ते माप पैशाचा आदर्श घेऊन मधून पोकळ होत चाललंय म्हणतात, मग साठेबाजांकडं, त्यांच्या गोदामाला मात्र भोक पडत नाही. आणि शेवटी, समारोपाच्या जागी, एक पूर्ण ओळ खोडलेली. जाड. तीन-तीनदा टाक फिरवून. खर्ड्यात त्या ओळीनंतर लेख संपतो, म्हणजे लेखाचा शेवटच तिनं काढायला लावला आणि अण्णांनी शेवटाशिवाय तो छापला.

कार्यक्रमाहून आलो त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पाकीट काढलं आणि आईला तो लेख वाचून दाखवला. तिनं ऐकला. गोदामाला भोक पडत नाही तिथं ती हसली, आवाज करून. भोकाचा पैसा तिच्या करंगळीच्या टोकावर चढवून फिरवत होती. खोडलेल्या ओळीपाशी मी थांबलो, म्हणालो इथं पुढचं दिसत नाही. मी पूर्वी खूप प्रयत्न केलाय, भिंगानं, मोबाईलच्या टॉर्चनं, सुरुवातीचा 'पोर' की 'पोट' असा काहीतरी शब्द लागतो, पुढं नाही. आईनं माझ्या हातातून कागद घेतला आणि उठून ट्यूबखाली धरला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. तिचे ओठ हलले. तिला ते दिसलं, की तांदळाच्या सुपासमोर कधीतरी आधीच ऐकलेलं होतं, मला सांगता येणार नाही.

मग तिनं कागद घडीवर घडी घालून पाकिटात ठेवला, पैसा त्यात टाकला.

"बरोबर काढायला लावलंय मोठ्याईनं," म्हणाली, आणि विरजण लावायला आत गेली.